न लिहिलेली अट

भाद्रपदाची पौर्णिमा ओसरली. पंचगंगेचे गढूळ जळ निवळले, निवळता निवळता निळावले. काठी ऊस हिरवा, हिरव्यावर कोवळे ऊन, उन्हावर धुक्याचा झिरझिरीत पदर. जैनांचे दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस उजाडला होता, आणि दारोदारी हात जुळत होते: "कळत-नकळत चुकले असेल, तर क्षमा असावी."

तंत्रनिकेतनात उभी हयात गणित शिकवलेले भूपाल अथणे सर दरवर्षी हेच म्हणत. सर्वांना म्हणत, आणि 'नकळत' या मवाळ शब्दाआड निर्धास्त लपत. यंदा तो शब्द जिभेवर काट्यासारखा रुतला.

फार वर्षांपूर्वी परीक्षेचा एक प्रश्न त्यांनीच काढला होता: '२ आणि ३ + i ही मुळे असलेली किमान कोटीची बहुपदी लिहा.' सहगुणक वास्तव असावेत, त्यांत i नसावा, ही अट लिहायची राहिली. ती असती, तर संमिश्र मुळामागून त्याचे संयुग्मी, ३ − i, सावलीसारखे चालत आले असते. तीन मुळांची घनबहुपदी झाली असती. सवयीने साऱ्या वर्गाने तीच लिहिली. एकट्या विमल चौगुलेने प्रश्न होता तसा वाचला, दोनच मुळांची वर्गबहुपदी लिहिली. बरोबर लिहिली. सरांनी शून्य दिले.

"सर, ती अट प्रश्नात नाहीच की," ती चार शिक्षकांदेखत म्हणाली.

सरांनी पाहिले. चूक लख्ख दिसली. ओठ मात्र अहंकाराचे अंकित. "मला शिकवतेस?"

त्या प्रश्नाच्याच चार गुणांनी ती नापास झाली. वडिलांनी शिक्षण सोडवले, लग्न लावून दिले.

आज, एकवीस वर्षांनी, नदीपलीकडे, विमलच्या पिठाच्या गिरणीत सर हात जोडून उभे राहिले.

"अगंबाई, सर!" तिने गिरणी थांबवली. "धा दिवसांचं उपास झेपलं न्हवं?"

"त्या शून्यासाठी आलोय, विमल. तुझं उत्तर बरोबर होतं."

"तवा ठाऊक हुतं तुमास्नी?"

"होतं."

पट्टा थरथरत निश्चल झाला.

"मग लिवून दावा."

डब्याच्या पीठभरल्या झाकणावर सरांचे बोट फिरले: x² − (५ + i)x + (६ + २i).

ती वाकली. पद न् पद तपासले.

"बरोबर हाय. मला तवाच ठाऊक हुतं, सर." स्वरात राग नव्हता, क्षमाही नव्हती. "सरका जरा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

पट्टा फिरला, दगड घुमले. पीठ उतरू लागले, हलके हलके: आधी i वर, मग कंसांवर, मग सरांच्या पुन्हा जोडलेल्या हातांवर, शुभ्र, कोमट, निःशब्द.