पिरंगुटच्या घाटात मी थांबले

मी एक जुनी गाडी आहे, असं म्हणताना माझी मलाच लाज वाटते. वयाने मी तशी कोवळीच. पण माझ्या चाकांतली हवा केव्हाच गेली आहे, काचेवर धुळीचा थर बसला आहे, आणि कोर्टाच्या भाषेत मला आता कुणी गाडीही म्हणत नाही. 'तक्रारीतील वस्तू' म्हणतात.

मित्रांनो, माझी जात हायब्रिड. पोटात पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही. विजेचा भाग फार तापतो, म्हणून त्याच्याभोवती गार ठेवणारं, औषध मिसळलेलं खास पाणी सतत फिरवावं लागतं. ते फिरवणारा पंप मुठीएवढा असतो. माझा तो पंप कारखान्यातूनच अधू आला होता. हे मला ठाऊक नव्हतं आणि मला घेणाऱ्यांनाही नाही.

मला घेतलं शैलेशनी. ते मूळचे लातूरकडचे, हिंजवडीत नोकरीला. पत्नी अपूर्वासह ते पिरंगुटजवळच्या चांदे गावी हैबतरावांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. मी पहिल्यांदा अंगणात शिरले तेव्हा हैबतरावांच्या पत्नी रत्नाबाई भाताची खाचरं बघून नुकत्याच परतल्या होत्या. त्या दचकून बाजूला झाल्या.

"आगं बया! आवाज न्हाई, काय न्हाई, मांजरावानी आली की दारात!"

रत्नाबाईंचं तोंड दिवसभर चालू असे. कोंबड्यांशी बोलत, चुलीशी बोलत, माझ्याशीही बोलत. अपूर्वा कामावरून उशिरा आली की तिला हाताला धरून जेवायला बसवत. शैलेश त्यांना काकू म्हणत, पण वागवत आईसारखं.

पहिला उन्हाळा आला आणि पिरंगुटच्या घाटात माझ्या अंगातलं बळ अचानक गेलं. समोर पिवळा दिवा लागला. शैलेशनी मला कडेला घेतलं. थोडी निवल्यावर मी पुन्हा चालू लागले. दुसऱ्याच दिवशी ते मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथे निषाद नावाचा तरुण गाड्या बघायला होता. बोलायला गोड. त्याने मला सेंटरसमोरच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून आणलं, लॅपटॉप जोडून तो दिवा पुसला, म्हणजे बिघाडाची खूणच काढून टाकली, आणि म्हणाला, "सर, काहीच प्रॉब्लेम नाही. हायब्रिडमध्ये असं होतं कधीकधी."

"अहो, पण चढावर होतंय. चढावर नेऊन बघा ना."

"सर, आमची टेस्ट ड्राइव्हची जागा ठरलेली आहे."

असं पुन्हा झालं, आणि त्यानंतरही. दर वेळी दिवा लागे, दर वेळी पुसला जाई. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं की इथे, या डाव्या कुशीत दुखतंय. मला तो एक दिवाच होता बोलायला. शैलेश चिडत, मोठ्या साहेबांना भेटायचं म्हणत. साहेब मीटिंगमध्ये असत. शेवटी घरी येऊन अपूर्वाला म्हणत, "वॉरंटी आहे ना अजून. बिघडली तर करून देतील."

मे महिन्यात माले गावी रत्नाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. शैलेश हौसेने हैबतरावांना आणि त्यांना माझ्यातून घेऊन गेले. जेवणाच्या पंगतीत रत्नाबाई वाढायला उभ्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या हातातली पळी खाली पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. त्या काहीतरी सांगत होत्या, पण शब्दच जुळेनात.

लोकांनी त्यांना उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. वाटेत पौडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी दारातच पाहिलं आणि सांगितलं, "अर्धांगाचा झटका आहे. इथे इलाज नाही. आमची रुग्णवाहिका बाहेर गेलीय, थांबू नका. थेट पुण्याला न्या. वेळेत पोचलात तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल."

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव तोडून पळाले. ऊन आग ओकत होतं. पिरंगुटचा चढ लागला आणि पोटात पंप अडला. गरम, आणखी गरम. दिवा लागला, आणि मधल्याच वळणावर मी उभी राहिले. कडेलाही होता आलं नाही. मागे गाड्यांची रांग लागली. समोरून येणारी वाहनंही अडकली. शैलेशनी पुण्याहून दुसरी रुग्णवाहिका बोलावली. ती घाटाच्या वरच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण रस्ता मीच अडवला होता. तिचा भोंगा आम्हाला ऐकू येत होता, पण त्या चढावर मला ढकलणंही जमेना आणि रत्नाबाईंना उचलून तेवढं अंतर नेणंही.

शैलेश कंपनीच्या मदतकेंद्राला फोनवर विनवत होते. पलीकडून एक बाई शांतपणे सांगत होती, "सर, आमचा माणूस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. नाहीतर वॉरंटी जाईल."

हैबतरावांनी ते ऐकलं. त्यांच्या मांडीवर रत्नाबाईंचं डोकं होतं.

"वारंटी? आवो, मानूस चाललंय हितं!"

शैलेशनी फोन सीटवर टाकला आणि माझं बॉनेट उघडलं. लग्नातून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत ओतल्या. हात भाजला, तरी ओतत राहिले. खरं सांगायचं तर त्या पाण्याने काही झालं नाही. पाणी फिरवणारा पंपच मेला होता. उभं राहून राहून मी निवले, इतकंच. बऱ्याच वेळाने लंगडत लंगडत मी घाट चढले. वर रुग्णवाहिकेत रत्नाबाईंना घातलं आणि ती निघून गेली.

रत्नाबाई वाचल्या. पण इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. त्यांचा उजवा हात गेला आणि वाचा गेली.

मला टेम्पोवर चढवून सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथे पहिल्यांदाच कुणीतरी माझी डावी कूस उघडली. पंप जाम होता, आणि त्याच्यापायी विजेचा महागडा भागही जळाला होता. निषादने मान खाली घालून सांगितलं, "सर, टाकीत साधं पाणी सापडलंय. बाहेरचं पाणी घातलं की वॉरंटी लागू होत नाही."

"पंप आधी गेला, निषाद! पाणी मी नंतर घातलं. तुम्हाला माहितीय हे."

"माहितीय सर. पण आमच्या रेकॉर्डला प्रत्येक वेळी 'दोष आढळला नाही' असंच आहे. आधी गेला हे दाखवायचं कशावरून?"

शैलेशनी त्या रेकॉर्डची प्रत मागून घेतली. मग त्यांनी ग्राहक कोर्टात दावा लावला. निकाल लागेपर्यंत मला कुणी दुरुस्त करायचं नाही, विकायचंही नाही, असं ठरलं. म्हणून मी पुन्हा चांद्याच्या अंगणात येऊन पडले.

एक दिवस हैबतराव जिन्याशी आले. आवाज चढवला नाही. "शैलेशराव, तुमी काय वंगाळ केलं न्हाई. मला कळतंय. पन ही दारात दिसली की ती डोळं मिटून घेतीया. हिला हितनं न्या."

शैलेशनी टेम्पोवाल्याला फोन लावला. त्याच आठवड्यात मला माळावरच्या एका मोकळ्या जागेत आणून सोडलं आणि महिनाअखेर शैलेश आणि अपूर्वाने खोलीही सोडली. अपूर्वा जाताना रत्नाबाईंच्या पायाशी बसून खूप रडली. रत्नाबाईंनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

कोर्टाच्या तारखा पडत आहेत. कंपनीचे वकील येतात, पुढची तारीख घेऊन जातात. शैलेश एकटेच उभे असतात. ते जिंकतीलही. मला नवा पंप मिळेलही. पण ज्या बोलण्याने ते अंगण भरलेलं असे, ते कुठल्याही वॉरंटीत बसत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी यंत्रं बनवाल, कुणी दुरुस्त कराल, कुणी टेबलामागे बसून लोकांच्या तक्रारी ऐकाल. तेव्हा एवढंच करा. कुणी म्हणालं, चढावर दुखतंय, तर त्याला चढावर घेऊन जा. सपाटीवर फिरवून 'काही नाही' म्हणू नका. आणि समोर पिवळा दिवा लागला तर तो पुसण्याआधी घटकाभर थांबून विचारा, की बाबा, तुला काय सांगायचंय?