तीन पायांचा हत्ती

पासकीनने ती कवंदी, आपल्या हातची चिंध्यांची गोधडी, द्यायला आधी नकोच म्हटलं होतं. त्या शब्दावर राहिले असते तर बरं झालं असतं, असं पुढचे तीन आठवडे तिच्या मनात रोज येत राहिलं.

बाकीच्या कवंद्या तिनं मुलांसाठी, सुनेसाठी, मागायला येणाऱ्यांसाठी शिवल्या होत्या. ही एकच स्वतःसाठी. कवंदी कडेपासून शिवायला घेतात आणि टाके घालत घालत मध्यापर्यंत येतात. ही शिवताना मध्ये तळहाताएवढी जागा उरली, ती पंधरा दिवस तशीच रिकामी राहिली. तिथं काय लावायचं हे पासकीनला पहिल्या टाक्यापासून ठाऊक होतं. फक्त हात धजत नव्हता. शेवटी एका दुपारी तिनं ट्रंकेच्या तळातून डाळिंबी इरकली लुगड्याचा तुकडा काढला आणि लावून टाकला. तुकड्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेला हत्ती होता. हत्तीला पाय तीनच होते.

पाऊस सरल्यावर तिनं कवंद्या कुंपणावर उन्हात टाकल्या होत्या, तेव्हा धारवाडच्या सुमंगलाबाई आल्या. बाई चित्रकला शिकवायच्या, आणि रानातल्या सिद्दी लोकांच्या कवंद्यांचं प्रदर्शन भरवायचं म्हणून वाड्यावाड्यांतून हिंडत होत्या. चार कवंद्या त्यांनी हात लावून पाहिल्या आणि पाचवीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. पासकीनने आणलेला चहा निवून गेला. सत्तेचाळीस वर्षांत तिच्या हातच्या कुठल्याही वस्तूसमोर कुणी असं उभं राहिलं नव्हतं. विकायची नाही, असं ती म्हणाली. बाई म्हणाल्या, विकू नका, महिनाभर भिंतीवर राहू दे, मग मी स्वतः आणून देते. तिथं पासकीन विरघळली. धारवाडच्या लोकांना हत्ती कुणाचा ते काय कळणार, अशी तिनं मनाची समजूत घातली.

हत्ती लुर्दाच्या आईनं भरलेला होता. लुर्दा म्हणजे पासकीनच्या थोरल्या भावाची, कैतानची बायको. लग्नात आईनं दिलेल्या लुगड्यावर तो हत्ती होता. चौथ्या पायाला दोरा पुरला नाही आणि आईनं तो तसाच सोडला, म्हणून लुर्दा सगळ्यांना कौतुकानं दाखवायची. बावीस वर्षांपूर्वी लुर्दा बाळंतपणाला माहेरी गेली असताना नदीपलीकडच्या ख्रिस्ती देवळाचा सण आला. सणाला पासकीनला बघायला माणसं येणार होती आणि तिच्याकडे धड एक लुगडं नव्हतं. कैतान बाहेरगावी होता; तिनं वहिनीची ट्रंक उघडली. माणसांनी पाहिलं, पसंत केलं, सगळं छान झालं. परतताना ती रानवाटेनं आली, आणि करवंदीच्या जाळीत अडकून लुगडं पदरापासून खालपर्यंत टर्रकन फाटलं.

उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता लुर्दा बाळाला घेऊन परत आली. तिनं ट्रंक उघडली, लुगडं दिसेना, आणि तिनं सरळ कैतानला धरलं. कैतान तेव्हा पीत असे. घरातली एक घागर आणि दोन कोंबड्या आधीच दारूच्या पायी गेल्या होत्या. लुगडं आपण विकलं नाही, अशी त्यानं क्रुसावर हात ठेवून शपथ घेतली. कुणाला खरी वाटली नाही. पासकीन दाराशीच उभी होती, पण तिनं तोंड उघडलं नाही. महिन्याभरात तिचं लग्न झालं आणि ते फाटलं लुगडं तिच्याबरोबर नदीपलीकडच्या वाडीत सासरी आलं. कैतानने दारू सोडली ती कायमची. लुर्दा मात्र तेव्हापासून बाजाराला स्वतः जायची. नवऱ्याच्या हाती तिनं पुन्हा काही दिलं नाही.

आता सुमंगलाबाईंचा निरोप आला की गाडी पाठवते, शिवणाऱ्या बायकांनी यावं आणि घरच्या बायकांनाही आणावं. पासकीनने लुर्दाला मुद्दाम कळवलं नाही. पण गाडी दारात आली तेव्हा पुढच्या सीटवर लुर्दाच बसलेली, केसांत अबोली, तोंडाला पावडर. माझ्या नणंदेचं नाव भिंतीवर लागलंय, मग मी नाही तर कोण जाणार, हे तिनं गाडीभर ऐकवून झालं होतं. वाटेतलं हल्याळ येईपर्यंत पासकीनने पोटदुखीचं सोंग करून उतरायचा दोनदा विचार केला. मग तिनं एक थाप तयार केली: बाजारातून चिंध्यांचा गठ्ठा आणला होता, हत्ती त्यात निघाला. थाप चांगली होती. धारवाड येईस्तोवर तिनं ती मनाशी पाठ केली.

गॅलरीत पांढऱ्या भिंती होत्या आणि भिंतींवर कवंद्या चित्रांसारख्या टांगल्या होत्या. बायका आधी बुजल्या, मग एकीनं विचारलं, "भिंतींना थंडी वाजते काय गो इथल्या?" आणि सगळ्या मोकळ्या झाल्या. आपापली कवंदी शोधायची धांदल उडाली. पासकीनची शोधावी लागली नाही. ती समोरच्या भिंतीवर एकटी होती, वर दिवा, खाली नावाची चिठ्ठी. ती अंथरुणावर असताना पासकीनला कधी अशी अख्खी दिसलीच नव्हती. कडेचे निळे-करडे तुकडे, पुढं हिरवे, पिवळे, आणि सगळे टाके आत आत वळत त्या डाळिंबी तुकड्याकडे निघालेले. क्षणभर ती भीती विसरली. आपण हे केलंय, एवढंच तिला वाटलं.

शेजारी लुर्दा येऊन उभी राहिली होती. तिची नजर हत्तीवर होती.

"हा तुकडा कुठला गो?" ती म्हणाली.

थाप जिभेवर आली. पण वर तो दिवा, खाली स्वतःचं नाव, आणि मध्ये हत्ती. असं असताना ती थाप बाहेर पडेना.

"तुझाच, वहिनी. लुगडं मी नेलं होतं."

भिंतीलगत एक बाक होता, त्यावर लुर्दा बसली. पासकीन तिच्यापुढं उभी राहून सांगत गेली: सण, बघायला आलेली माणसं, जाळी, फाटलेला पदर, दाराशी उभं राहून गप्प बसणं. हत्ती कापायला हात धजला नाही म्हणून बाकीचं सगळं कापलं आणि तो अख्खा ठेवला, हेही सांगितलं. लुर्दाने तिला मध्ये थांबवलं नाही. सगळं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हणजे त्यानं विकलं नव्हतं?"

"नाही."

"दारूला नाही?"

"नाही गो वहिनी. तो खरंच बोलत होता."

लुर्दा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. पासकीनला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत आपल्याला झोडपणार. पण लुर्दाने डोळे पुसले तेव्हा तोंडावर राग नव्हता. ती म्हणाली, "क्रुसावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्या माणसाशी संसार करतेय, हेच मला रोज खात होतं. सुटले." मग पदर सावरून उठताना म्हणाली, "तुझं काय करायचं ते घरी गेल्यावर बघते." एवढं ऐकून पासकीनला एकदम हलकं वाटलं.

दिवस मावळायच्या आत गाडी परतली. लुर्दाने पासकीनला तिच्या वाडीत उतरू दिलं नाही, सरळ आपल्या घरी आणलं. कैतान अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. लुर्दा म्हणाली, तूच सांग. पासकीनने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि या वेळी ते जास्त अवघड गेलं, कारण भाऊ धार लावायचं थांबून नुसता तिच्याकडे बघत होता. ऐकून झाल्यावर तो उठून घरामागं गेला. रहाटाचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ओल्या तोंडानं परत आला.

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी मारलं असतं काय तुला?"

"नाही, दादा."

"मग?"

"भ्याले."

कैतान बायकोकडे वळला. "तोंड उघडायला बावीस वर्षं लागली बाईला," तो लुर्दाला म्हणाला. "आणि बायकोनं मला तेव्हा एकदा नीट विचारलं असतं, तर तिलाही कळलं असतं." लुर्दा म्हणाली, विचारलं होतं की, कोयता घेऊनच विचारलं होतं, आणि चुकले ते चुकले, आता काय पाया पडू? पडायला तशी हरकत नाही, असं कैतान म्हणाला आणि त्याला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले ते त्यानं दंडाला पुसले. हसू संपायच्या आत तो अंगणाबाहेर पडला.

"हा कुठं निघाला?" पासकीनने विचारलं.

"लोक अजून त्याला पाठीमागं लुगड्या कैतान म्हणतात. सांगायला निघाला असेल."

खरोखरच शेजारच्या दारातून त्याचा आवाज आला, की ऐकलंस काय, ते लुगडं मी नव्हतं नेलं. तिथून तो पुढच्या घरी गेला. लुर्दाने भात वाढला, वर सुक्या मासळीचं कालवण ओतलं आणि थाळी पासकीनच्या पुढ्यात सरकवली. "माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "प्रदर्शन संपलं की कवंदी माझ्या घरी येईल. आता जेव."

पासकीन जेवली. मान खाली घालून, पण पोटभर. बाहेर कैतानचा आवाज दारामागून दार करत लांब जात होता, आणि प्रत्येक दारात गोष्ट थोडी वाढत होती. तिसऱ्या घरापर्यंत करवंदीची जाळी माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी उंच झाली. पाचव्या घराशी तो सांगत होता की पासकीनच्या मागं अस्वल लागलं होतं म्हणून बिचारी त्या जाळीत शिरली.

लुर्दाने वाढता वाढता हात थांबवला.

"अस्वल होतं?"

"नव्हतं गो," पासकीन म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.