उत्तरेचा टिळा

रुपराव उठायला लागले तसा बक्षी साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. रुपराव परत खुर्चीत बसले.

"कुठे निघालात?"

"बाहेर, साहेब. दोन मिनिटं. लय थंडी वाजून राहिली."

"आता तुमचाच नंबर आहे. बसा."

बागा आणि मैदानं सांभाळणाऱ्यांची ही राष्ट्रीय परिषद. देशभरातले चारशे उद्यान अधिकारी नागपूरला आले होते, आणि झाडांबद्दल बोलायला एकही खिडकी नसलेल्या हॉलमध्ये तीन दिवस बसले होते. रुपराव ओळीच्या बरोब्बर मधोमध. डावीकडे त्यांच्या उद्यान विभागाचे प्रमुख बक्षी साहेब, उजवीकडे अकरा जणांचे गुडघे. गळ्यात पट्ट्याचं कार्ड, अंगात घरशेजाऱ्याकडून मागून आणलेला कोट. बाहेर फेब्रुवारीचं मऊ ऊन पडलं असेल, आणि चाळीस वर्षं उन्हात काम केलेला हा माळी मुकादम इथे एसीत काकडत होता. त्यांनी हात मांड्यांखाली घातले. थोडी ऊब मिळाली आणि नखांतला चुनाही झाकला गेला.

पडद्यावर एकतीस कडुनिंबांचा फोटो आला. मागच्या वर्षी रस्तारुंदीत सापडलेली ही झाडं बक्षी साहेबांच्या योजनेतून मुळांसकट उचलून नव्या रस्त्याच्या कडेला लावली होती. फोटोखाली मोठ्या अक्षरांत होतं: एकतीसपैकी एकतीस जिवंत.

एकतीस म्हणे! त्यातली सव्वीस केव्हाच मेली होती.

का मेली, तेही रुपरावांना ठाऊक होतं. खणण्याआधी त्यांनी प्रत्येक खोडाच्या उत्तरेच्या अंगाला तेलरंगाचा लाल टिळा दिला होता. टिळा उत्तरेलाच ठेवून झाड लावायचं, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. त्या अंगाच्या सालीने कधी कडक ऊन पाहिलेलं नसतं. पण जुन्या जागी दक्षिणेला उंच भिंत होती, म्हणून झाडं उत्तरेकडे भरली होती. उद्घाटनाला मंत्री यायचे होते. भरलेली बाजू रस्त्याकडे दिसली पाहिजे, असं साहेबांचं म्हणणं, आणि नवा रस्ता झाडांच्या दक्षिणेला. "फिरवा," साहेब म्हणाले. क्रेनने एकतीसही झाडं फिरवली. रुपराव "साहेब, साल भाजंल" म्हणत राहिले. ऐकतो कोण! मे महिन्यात साली उभ्या फाटल्या.

आज पाहुणे बसने झाडं बघायला जाणार, म्हणून काल साहेबांनी रुपरावांकडूनच वाळकी-जिवंत सगळ्या खोडांना चुना मारून घेतला. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे उभं दिसेल त्याला चुना लागतोच.

"फेब्रुवारीत कडुनिंबाची पानगळच असते," साहेब म्हणाले होते. "जिवंत झाडही खराट्यासारखंच दिसतं. बसमधून कोणाला काय कळतंय?"

पडद्यावर पुढचा फोटो आला तसे रुपराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांची जुनी बाग. तिथे आता मनोरंजन केंद्र व्हायचं होतं. बागेतली साठ झाडं याच पद्धतीने हलवणार. परिषदेने शाबासकी दिली की सोमवारपासून खोदकाम. त्या साठांतलं एकेक रोप रुपरावांनी बादलीने पाणी घालून वाढवलं होतं. ओरडून सांगावं, सगळं खोटं आहे म्हणून!

पण स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉपशी अस्मिता बसली होती. त्यांची मुलगी. उद्यान विभागात तीन वर्षं कंत्राटावर सुपरवायझर. मार्चअखेर कंत्राट संपत होतं आणि पुढच्या वर्षाची सही बक्षी साहेबांची. साहेबांनी धमकी वगैरे दिली नव्हती, सभ्य माणूस. काल फक्त चुन्याच्या बादलीकडे बघत म्हणाले होते, "अस्मिताचा कागद आलाय माझ्याकडे. चांगली मुलगी आहे."

नाव पुकारलं गेलं. अकरा जणांचे गुडघे ओलांडून रुपराव स्टेजवर गेले. शाल आली, नारळ आला, माईक आला.

"एकतीस झाडं हलवली आमी," ते म्हणाले.

पुढचं वाक्य पाठ होतं. त्यांनी अस्मिताकडे पाहिलं. ती लॅपटॉपमधून मान वर काढेना.

"एकतीसही जगली. साहेबांमुळं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुपरावांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून इंदूरच्या अरुंधतीबाई उठल्या.

"दादा, झाडांची दिशा कशी राखलीत? आमच्याकडे नेमकी तिथेच गडबड होते."

तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी कामाचं विचारलं होतं. रुपरावांना राहवलं नाही.

"खोदायच्या आधी उत्तरेच्या अंगाले लाल टिळा देतो, बाई. लावताना टिळा पुन्हा उत्तरेलेच पाह्यजे. नाही तं आमच्या इथलं मे महिन्याचं ऊन कोवळ्या सालीले भाजून काढते."

"मग आत्ता बघायला मिळतील टिळे?"

रुपरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हसत पुढे आले. "सगळ्यांना चुना लावलाय हो. चला, बस उभी आहे."

बाहेर ऊन होतं. रुपरावांना ते अंगावर घ्यायची फुरसतच मिळाली नाही. साहेबांनी त्यांना कोपराला धरून बाजूला नेलं.

"टिळे झाकले ना काल?"

"नाही, साहेब."

"नाही म्हणजे?"

"टिळ्यावर चुना मारत नसतेत. हातच नाही वळला. बाजूबाजूनं मारला."

"सगळ्या झाडांना?"

"एकतीसही."

पांढऱ्या खोडांवर एकतीस लाल टिळे, आणि सगळे रस्त्याकडे, म्हणजे दक्षिणेला तोंड करून. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अस्मिताला हाक मारली.

"हे बघ, लोकांना उजवीकडे बसव. डावीकडचे पडदे लावून घे. ऊन लागतं म्हण."

"सर, आपण पूर्वेकडे चाललो. ऊन तर उजवीकडून लागंल."

"तेच ते! पडदे लाव म्हणजे झालं. तुझा कागद उद्याच करून टाकतो."

"हो, सर."

साहेब पुढच्या गाडीकडे गेले. अस्मिता बसकडे निघाली तसे रुपराव तिच्या मागे धावले.

"साहेब म्हणतेत तसं कर वं. माही बाग गेली तं गेली. मी खोटं बोललो न एकदा, तुह्यासाठी बोललो. आता वाया नको जाऊ देऊ."

अस्मिता थांबली. त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिने नीट केली. तिचे डोळे लाल होते.

"बाबा, झाडं फिरवली त्या दिवशी यादी माह्या हातात होती. 'दिशा बरोबर' म्हणून मीच टिक मारून राहिली होती, एकेका झाडापुढं. कोणासाठी मारली मी ते, तुमच्यासाठीच न?"

ती बसमध्ये चढली. तेही मागून चढले आणि शेवटच्या बाकावर टेकले. पाहुणे पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सावरत जागा शोधत होते. डावीकडचे निळे पडदे आधीच कोणीतरी ओढून ठेवलेले होते.

अस्मिताने ड्रायव्हरजवळचा माईक घेतला.

"नमस्कार. झाडं दहा मिनिटांत येतील, डाव्या हाताला. अरुंधती मॅडम, तुमी इथं खिडकीत बसा, टिळे चांगले दिसतील. तिथं बस थांबवू. ज्यांना उतरून खोडाला हात लावायचा, त्यांनी उतरा."

मग ती एकेक बाक करत मागे आली आणि डावीकडचे पडदे बाजूला सारत गेली. शेवटच्या बाकाचा पडदा तेवढा राहिला होता. तो रुपरावांनीच सरकवला.