सेर्माला कधी जावं

युडोनने रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं एकेक करून वर उचलली.

"जुलैत या," ती म्हणाली. "कुरणं हिरवी असतात, फुलं असतात. पाऊस येतो, पण दुपारी, तासाभराचा. फोटो काढायचे असतील तर सप्टेंबरची अखेर बघा. पलीकडचे डोंगर हात लांब केला तर लागतील असे दिसतात. नोव्हेंबरात नको, खिंड बंद होते. एप्रिलमध्ये नुसता वारा असतो हो, काय करणार येऊन?"

चेंगदूहून बोलणाऱ्या बाईंचे प्रश्न संपत नव्हते. गरम पाणी मिळतं का, सासूबाईंना आणलं तर चालेल का, दम लागतो म्हणतात ते खरं का.

"पहिले तीन दिवस ल्हासातच काढा. वर गेल्यावर धावपळ करू नका. आणि डोकं दुखायला लागलं तर लपवू नका. लपवणारेच आजारी पडतात."

फोन ठेवून तिने कॅलेंडर पुन्हा एप्रिलवर आणलं. ल्हासातल्या पर्यटन कंपनीच्या या टेबलाशी बसून तिला अकरा वर्षं झाली होती. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती लोकांना सेर्मा सरोवराला कधी जावं ते सांगायची, आणि लोक जाऊन यायचे. ती स्वतः आठ वर्षांत तिकडे फिरकली नव्हती, आणि तिचा तर जन्म तिथला.

आठ वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचं रक्त घट्ट झालं. ती त्यांना पाला, म्हणजे बाबा, म्हणायची. ओठ जांभळे पडले, बोटांची टोकं काळीनिळी दिसू लागली. एवढ्या उंचीवर जन्म काढलेल्या माणसांना होतं असं, डॉक्टर म्हणाले. खाली आणा आणि खालीच ठेवा. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. मेंढ्या चुलतभावांकडे सोपवून युडोन पालांना ल्हासाला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. इथे त्यांच्या ओठांचा रंग परतला. सकाळी ते प्रदक्षिणेच्या वाटेवर जाऊन येत, दुपारी खिडकीशी बसत, आणि संध्याकाळी ती कणीक मळायला बसली की तिच्या प्रश्नांची उत्तरं देत. करकोचे या वर्षी कधी येतील? रानगाढवांचे कळप काठावर कधी उतरतात? पाला खिडकीतून आभाळाकडे बघत, थोडं थांबत आणि सांगत. दुसऱ्या दिवशी युडोन तेच फोनवर सांगायची. आठ वर्षांत तिची तारीख फारशी चुकली नव्हती.

वर्षातून दोन-तीनदा पाला मधूनच म्हणत, "एकदा वर जाऊन येऊ या का?"

मार्चमध्ये ती म्हणायची, रस्त्यावर बर्फ आहे. मेमध्ये म्हणायची, चिखलात गाड्या रुततायत. जुलैत पर्यटकांची गर्दी, ऑक्टोबरात वारा. पाला "बरं" म्हणत. तो वारा सत्तर वर्षं अंगावर घेतलेला माणूस होता. पण त्यांनी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

एप्रिल संपत आला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर फोन वाजला.

"हॅलो. मला जरा चौकशी करायची होती," पलीकडून आवाज आला. बोलणारा घसा साफ करत होता. "सेर्मा सरोवराची."

युडोनने हातातलं पेन खाली ठेवलं. तो आवाज तिने ओळखला होता. रोज सकाळी त्याच आवाजातलं पुटपुटणं ऐकत ती उठत होती.

"विचारा ना," ती म्हणाली.

"बर्फ फुटताना बघायचं असेल तर कधी जावं?"

"मेच्या मध्यावर. दहा तारखेच्या पुढे. नक्की दिवस कुणालाच सांगता येत नाही."

"हो, ते खरंय." पलीकडे पुन्हा घसा साफ करण्याचा आवाज आला. "आणि माणूस म्हातारा असला तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा?"

"बरोबर कोण आहे?"

"मुलगी. तिला रजा मिळाली तर."

शेजारच्या टेबलावरची मुलगी तिच्याकडे बघायला लागली, म्हणून युडोनने खुर्ची भिंतीकडे वळवली. कॅलेंडरचं एक पान उचललं आणि त्याकडे बघत राहिली.

"आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल," ती म्हणाली. "ते हो म्हणाले तरच. दोन रात्री, जास्त नाही. दम लागला तर त्याच क्षणी खाली."

"कबूल आहे," पाला म्हणाले. "नाव लिहून घेता का?"

"सांगा."

"छोफेल."

तिने लिहून घेतलं.  संध्याकाळी घरी पालांनी कोपऱ्यातली लोकरी टोपी काढून दारात झटकली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, दोन रात्री, त्याहून एक तास जास्त नको. मेच्या मध्यावर ते निघाले तेव्हा कंपनीच्या गाडीवरचा सामडुप बरोबर आला. चाळिशीचा, बडबड्या माणूस. युडोनला तो आचा-ला, म्हणजे ताई म्हणायचा, आणि पालांना पो-ला, आजोबा.

"पो-ला, ऑक्सिजनचे सहा डबे घेतलेत तुमच्यासाठी," निघताना तो म्हणाला. "आचा-लांनी माझी मान धरून घ्यायला लावले. शांघायच्या माणसांनासुद्धा आम्ही दोनच देतो."

"मग मी शांघायच्या माणसाच्या तिप्पट झालो," पाला म्हणाले आणि पुढच्या सीटवर चढून बसले.

एक रात्र त्यांनी वाटेतल्या गावात काढली. दुसऱ्या दिवशी खिंडीत गाडी थांबली तेव्हा युडोनने पालांच्या ओठांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं. ते पूजेच्या दगडांच्या राशीभोवती फेरी घालून आले, आणि त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. तिच्या स्वतःच्या कपाळात मात्र एक बारीक कळ सुरू झाली होती. रात्रीची झोप नाही म्हणून असेल, असं तिने मनाशी ठरवलं.

सेर्मा अजून गोठलेलंच होतं. काठापासून बेटापर्यंत करडा-पांढरा बर्फ, मधेमधे निळ्या भेगा. काठाशी मात्र हातभर रुंदीचं पाणी मोकळं झालं होतं आणि त्यात गल पक्षी चोची मारत होते. पाला गाडीतून उतरले आणि सरळ त्या पाण्यापर्यंत चालत गेले. तिथे उकिडवे बसले. बराच वेळ बसले. युडोन गाडीपाशीच थांबली.

काठावरचं छोटं अतिथीगृह त्सोमो चालवायची. लहानपणी दोघींनी एकाच तंबूच्या दोऱ्यांना धरून झोके घेतले होते.

"आली ल्हासाची बाईसाहेब," त्सोमो म्हणाली. "दर आठवड्याला माणसं पाठवतेस, म्हटलं स्वतः कधी येतेय." मग पालांचे दोन्ही हात तिने आपल्या कपाळाला लावले. त्यांना ती आकु, म्हणजे काका, म्हणायची. "उद्या-परवा फुटेल बघा, आकु. बर्फ वाऱ्याची वाट बघतोय नुसता."

जेवताना युडोनला घास गेला नाही. तिने थुक्प्याचा, शेवयांच्या रश्श्याचा, वाडगा हळूच सामडुपकडे सरकवला. पाला बेटाकडे तोंड करून बसले होते. उन्हं अजून होती.

"तू झालीस त्या वर्षी मी तिथे होतो," ते म्हणाले.

तिला ते माहीत होतं. तू बर्फ फुटताना जन्मलीस, एवढं सगळेच सांगायचे. पण पालांच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं.

"हिवाळ्यात बर्फावरून मेंढ्या बेटावर न्यायच्या, गवत असतं तिथे. बर्फ कच्चा व्हायच्या आत परत आणायच्या. त्या साली मेंढ्या मी भावाबरोबर पुढे पाठवल्या. चार मेंढ्या व्यायला आल्या होत्या, त्यांच्यासाठी एक दिवस मागे राहिलो. एकच दिवस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दुपारी वारा सुटला. आवाज झाला तेव्हा मला वाटलं मागचा डोंगर खाली आला. बघतो तर मध्ये पाणी."

"मग?"

"मग काय. चामड्याची होडी कुणीतरी आणेपर्यंत अठरा दिवस. तुझी आई रोज काठावर येऊन उभी राहायची. जवाच्या दाण्याएवढी दिसायची. हाक पोचत नव्हती. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार कोकरं मांडीवर घेऊन मी बसलेलो. तिसऱ्या दिवशी आली, पण तिची उभी राहण्याची पद्धत काही वेगळी वाटली. पोटाशी काहीतरी धरलं होतं. मग तिने ते दोन्ही हातांनी वर उचललं."

त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि तो नीट मधोमध बसला की नाही ते बोटाने पाहिलं.

सकाळी युडोन उठली तेव्हा खोलीच्या भिंती किंचित हलत होत्या. बाहेर जाऊन ती ओकली आणि बर्फाने तोंड धुऊन आत आली. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. पाला चुलीशी बसून त्सोमोशी जुन्या मेंढ्यांबद्दल बोलत होते. त्यांचे गाल लाल होते, आठ वर्षांत नव्हते इतके.  त्यांच्याकडे बघत दुपारपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहिली. कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायची. पण प्रत्येक उत्तराआधी तिला शब्द शोधावा लागत होता.

दुपारी वारा सुटला. त्सोमो धावत आत आली.

"आकु, चला. आवाज सुरू झालेत आतून. दोन तासांत फुटतंय."

पाला उठले. टोपी घातली. दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "चल, युडोन."

ती उठली. दोन पावलं टाकली आणि तिसरं बाजूला गेलं. पुन्हा सरळ व्हायला गेली तर खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. पाला तिच्याकडे बघत होते. मग ते जवळ आले, तिचा हात हातात घेऊन त्यांनी नखं पाहिली, हनुवटी उचलून ओठ पाहिले.

"कधीपासून?"

"काही नाही. थोडं डोकं."

"कधीपासून, विचारलं."

"खिंडीपासून," ती म्हणाली.

पाला दारातून ओरडले नाहीत, फक्त आवाज जरा मोठा केला. "सामडुप, गाडी काढ."

सामडुपने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि किल्ली घेऊन निघाला. "आचा-ला, लोकांना सांगून सांगून आमची तोंडं दुखली," तो जाताना पुटपुटला, "आणि लपवलं कुणी, तर तुम्ही."

"पाला, तुम्ही थांबा ना," युडोन म्हणाली. जीभ जड झाली होती. "सामडुप मला खाली सोडेल. उद्या तुम्हाला न्यायला येईल. त्सोमो आहे. दोनच तास तर राहिलेत."

"खरंच थांबा, आकु," त्सोमो म्हणाली. "एवढं आलात."

पाला पिशवीत तिचे कपडे भरत होते. स्वेटरच्या बाह्या त्यांनी नीट आत दुमडल्या.

"लांबून बघत बसायचं, ते एकदा करून झालंय," ते म्हणाले.

मागच्या सीटवर त्यांनी तिला आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. सामडुपने ऑक्सिजनचा डबा दिला. त्याची झडप कशी दाबायची ते पालांना माहीत नव्हतं. तिने डोळे मिटूनच त्यांचं बोट बरोबर जागी नेऊन ठेवलं. गाडी काठाकाठाने दक्षिणेकडे निघाली. दगडांवरून उडत होती, आणि प्रत्येक धक्क्याला पालांचा तळहात तिच्या कपाळावर घट्ट व्हायचा.

अर्धा तास गेला असेल. डबा संपला, दुसरा सुरू झाला. मळमळ थोडी कमी झाली. ती झोपली नव्हती, पण डोळे उघडले की सगळं फिरायचं, म्हणून मिटून पडली होती.

तेव्हा तो आवाज आला. आधी लांबवर, जमिनीच्या खालून, मग एकदम सगळीकडून, आणि तो थांबेना. गाडीचा वेग कमी झाला.

"पो-ला," सामडुप हळू आवाजात म्हणाला. "फुटलं. थांबवू का? दोन मिनिटं?"

"नको. चालव."

"इथून दिसेल सगळं."

"तिला झोप लागलीय. चालव तू, धक्के न देता."

गाडीने पुन्हा वेग घेतला. युडोनला पालांची मांडी किंचित हललेली जाणवली. काचेची मूठ फिरल्याचा आवाज झाला आणि थंड हवेची एक बारीक धार तिच्या केसांतून गेली. चार बोटं काच खाली आली असेल. त्या फटीतून तो आवाज आत येत होता: मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत होते, काठाच्या खडकांवर आपटत होते, आणि मधेच काचेचे मणी ओतल्यासारखं काहीतरी सळसळत होतं. तिच्या कपाळावरचा हात अगदी स्थिर झाला होता.

"पाला," ती डोळे मिटूनच म्हणाली.

हात दचकला. लगेच काच वर जाऊ लागली.

"गार लागलं का?"

"नाही," ती म्हणाली. "आणखी थोडी खाली घ्या."