वारेबाबांची फुंक आणि नलूच्या टाचा

एकसष्ट सालची गोष्ट. थळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत होते आणि राखायला एक माणूस नव्हतं. कावळ्यांची चंगळ. फुंकीने आजार बरे करतो म्हणणारे वारेबाबा गावात आले होते, आणि अख्खा कोळीवाडा देवळापुढे त्यांची फुंक बघायला लोटला होता. मी अलिबागच्या दवाखान्यातला कंपाउंडर, चडफडत मागे उभा.

शिष्यांनी एक दाढीवाला माशांच्या हाऱ्यातून, त्या मोठ्या टोपलीतून, उचलून आणला. "अकरा वर्षं लुळा. पाय जमिनीला लागला नाही." बाबांनी गाल फुगवून त्याच्या गुडघ्यांवर अशी फुंक मारली, की पुढच्या रांगेतले पदर उडाले. दाढीवाला थरथरत उठला, देवळाला फेरी घालून आला. बायका रडायला लागल्या. शिष्यांनी त्याला पूजेसाठी पुन्हा हाऱ्यात बसवलं, पाय बाहेर लोंबत.

"डॉक्टर हाड बघतो, आम्ही वारा बघतो," बाबा म्हणाले. "नैवेद्य पापलेटचा. बोंबलात दोष असतो."

मनुबाईची सात वर्षांची नलू जन्मापासून पायांनी ताठ. उभी केली की गुडघे एकमेकांत अडकायचे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम शिकवला होता: रोज पाय ताणायचे, उठबस करायची, मग दोन आडव्या बांबूंना धरून चालायचं. मनुबाईने बोंबील वाळवायच्या वलांडीच्या खांबांनाच खाली दोन बांबू बांधले. वर मासळी, खाली नलू. वर्षभरात पोर आठ पावलं टाकू लागली होती.

मनुबाईने नलूला बाबांपुढे बसवून हे सगळं सांगितलं. "ते बांबू होमात टाक, बाय," बाबांनी फर्मावलं. "कसरतीचा फुंकीला विटाळ होतो."

मनुबाई निघालीच, आणि एक बांबू सोडून घेऊनही आली. मी तो धरून ठेवला. "अगो, वर्षाची मेहनत जाईल."

"दादा, वर्सात आठ पावलं. त्यो बघ, एका फुंकीत चालला."

संतापाने मी बांबू आणखी घट्ट धरला.

आम्ही सगळे तोंडं बघत होतो. नलू जमिनीवर बसलेली, तिच्यासमोर दाढीवाल्याचे तळवे होते. "आये, याच्या टाचांना भेगा हायत. सोनाबाईसारख्या."

सोनाबाई रोज मासळीची पाटी घेऊन अलिबागच्या बाजाराला पायी जायची. नलूने आपला पाय धरून वर केला. टाच लोण्यासारखी मऊ. "मी चालत न्हाय, मला भेगा न्हायत. हा अकरा वर्सं बसून व्हता ना?"

सोनाबाईने आपली टाच त्याच्या टाचेशी लावून पाहिली. "माझ्यापेक्षा जास्त चाललाय मेला."

दाढीवाला हाऱ्यातून उडी मारून पळाला. बाबा त्याच्या मागे, पापलेटं काखोटीला मारून. दोघांचाही व्यायाम उत्तम होता.

मनुबाईने सोडलेला बांबू पुन्हा बांधला. त्या दिवशीही नलू आठच पावलं चालली. नववं टाकायला दिवाळी उजाडली. तिचे पाय पुरते सैल होतील, असं डॉक्टरीणबाईंनी कधी खोटं सांगितलं नाही. पण ते नववं पाऊल तिचं स्वतःचं होतं, आणि मी ते पाहून रडलो. तेव्हा लोकहो, फुंकरीने कुणी चालवतो म्हणाला, तर आधी त्याच्या माणसाच्या टाचा बघा. आणि घरातल्या पोराचे पाय रोज ताणा.