अठ्ठेचाळीस नंबरचं दार

पोस्टमन म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने स्वतःचाच पत्ता हरवावा, याला काय म्हणावं? पण झालं खरं.

नंबरकाका एकटेच परदेश बघायला निघाले तेव्हा लेकीने बजावलं होतं, "बाबा, दम्याचा पंप खिशातून काढायचा नाही." काकांनी मान डोलावली, आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंप, फोन सगळं भाड्याच्या खोलीत उशीपाशी ठेवून, नुसती किल्ली घेऊन ते फेरफटका मारायला बाहेर पडले. दाराचा नंबर तेवढा पाहून ठेवला, अठ्ठेचाळीस. त्यांच्या गावात एक नंबर एकाच घराचा. गल्लीचं नाव हवं कुणाला? नंबर सांगा, काका डोळे मिटून दारात हजर.

इथे मात्र प्रत्येक गल्ली नव्याने एकपासून सुरू होत होती. तासाभराने परतून त्यांनी अठ्ठेचाळीसला किल्ली लावली. फिरेना. तीच राखी भिंत, त्याच तीन पायऱ्या. त्यांनी जोर लावला, तसं दार आतून उघडलं आणि एक आडदांड गडी ओरडत अंगावर आला. काका पायऱ्या उतरले की घरंगळले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पुढच्या गल्लीतही अठ्ठेचाळीस होताच! तिथे किल्ली लावताच दारामागून कुत्रं धडका द्यायला लागलं. समोरच्या खिडकीतली बाई फोन कानाला लावून त्यांच्याकडेच बघत होती.

"मेलो! चोर समजून पोलिसांना बोलावतेय ही," काका पुटपुटले, आणि त्यांची छाती आवळायला लागली.

छातीतली ती शिट्टी त्यांच्या ओळखीची होती. पंपाशिवाय अर्धा तास, फार तर. भीतीने दम लागत होता, दम लागला की भीती वाढत होती. पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी भिंत धरली. येणारे-जाणारे वळसा घालून पुढे जात होते. इथेच पडलो तर लेकीला कळवणार कोण?

तेवढ्यात खांद्याला पत्रांची पिशवी अडकवलेली एक पोस्टवाली दिसली. काकांनी सरळ तिची बाही पकडली. बोटांनी चार, मग आठ. गालाखाली हात ठेवून झोपेची खूण. मग किल्ली. कुठल्या घरात पाहुणे उतरतात, हे पोस्टाच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिने त्यांना दंडाला धरून दोन गल्ल्या चालवलं. किल्ली फिरली.

पंपाचे दोन फवारे घेतल्यावर श्वास ठिकाणावर आला. पोस्टवाली निघाली. तिची पिशवी अजून निम्मी भरलेली होती, आणि उशीर झाला की काय काय ऐकून घ्यावं लागतं हे काकांना सांगायला नको होतं.

"जा पोरी, टपाल खोळंबलंय," म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"जाऊ नकोस गं. मला भीती वाटतेय."

तिला एक अक्षर कळलं नाही. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती त्यांच्याशेजारी बसली.