घळीतल्या डुकरिणी

हेल्मेटं आतून पुसायचं काम आर्गिरोकडे होतं, आणि चौदा उन्हाळे ते करूनही तिची शिसारी गेली नव्हती. परक्या डोक्यांचा घाम, उन्हासाठी फासलेलं मलम, समुद्राचं मीठ, सगळं आतल्या स्पंजात मुरलेलं असायचं. व्हिनेगरचं फडकं फिरवताना ती तोंड बाजूला वळवायची आणि श्वास धरून ठेवायची.

दुकान तिचा भाऊ सिदेरिस याचं. बंदरावर जहाजातून उतरलं की डाव्या हाताला तिसरं. चार जाड चाकांच्या उघड्या गाड्या तो दिवसाच्या भाड्याने द्यायचा. पाहुणे त्यांना काय म्हणायचे ते म्हणोत, बेटावर सगळे त्यांना डुकरीणच म्हणत. आणि त्या होत्याही तशाच, बुटक्या, रुंद, घुरघुरणाऱ्या, वाट असो नसो थुत्री खुपसणाऱ्या. मेलेल्या गाड्या जात आणि नव्या येत, पण दारात नेहमी चौदा उभ्या असायच्या. प्रत्येकीच्या कपाळावर निळ्या रंगाने नंबर आर्गिरोनेच घातलेला. तिच्या चाराच्या आकड्याला एक लांब शेपूट असायची, शाळेत मास्तरांनी मारूनही ती सुटली नव्हती.

आर्गिरो साठीला एक वर्ष कमी. आई गेली तेव्हा सिदेरिस नऊ वर्षांचा होता. त्याला तिनेच न्हाऊ-माखू घातलं, वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलायची ती पर्यटकांबद्दल. रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून ती शेजारणीला ऐकवायची, कोणी खळ्यावरून गाडी घातली, कोणी ओव्याच्या झुडपामागे काय करून ठेवलं, कोण ओल्या चड्डीनिशी चर्चमध्ये शिरलं. "यांच्या घरी दार-खिडक्या असतात की नाही कोण जाणे," असं म्हणून ती थुंकायची. शेजारीण मान डोलवायची. तिच्या पाच खोल्या उन्हाळाभर त्याच लोकांनी भरलेल्या असत.

ऑगस्टमधला पंधरा तारखेचा चर्चचा सण होऊन तीन दिवस झाले होते. सिदेरिस सकाळच्या बोटीने शेजारच्या बेटावर ब्रेकचे सुटे भाग आणायला गेला होता, चारच्या बोटीने परतणार होता. अकराच्या सुमाराला फोन आला. सकाळी नऊ नंबर घेऊन गेलेलं बेल्जियमचं जोडपं, वाउटर आणि लिस्बेट. गाडी बंद पडली होती, दक्षिणेच्या टोकाला, एका लहानशा पांढऱ्या चर्चपाशी. बायकोची तब्येतही बरी नाही, असं तो म्हणाला, पण आर्गिरोने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. दक्षिणेच्या टोकाला लहानसं पांढरं चर्च एकच होतं, संत मारिनाचं. ते तिच्या आईच्या माहेरच्या घराण्याचं होतं.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. आर्गिरोने आयुष्यात डुकरिणीवर पाय टाकला नव्हता. पण अंगठ्याने वेगाची खिटी दाबायची, वळणावर आत झुकायचं, उतारावर गाडी मोकळी सोडायची नाही, हे तिने हजारो लोकांना पढवलं होतं. तिने डोक्याला रुमाल बांधला, तोंड वाकडं करत त्यावर हेल्मेट चढवलं, बारा नंबरवर बसली आणि निघाली.

वाट तासाभराची होती. बुडाखाली इंजिन तापलं, मांड्यांना चटके बसू लागले, पेट्रोलचा धूर वाऱ्याने उलटा तिच्याच तोंडात येऊ लागला. सगळ्या अंगाची हाडं दाण्यांसारखी खुळखुळत होती. यात लोकांना कसली मजा येते, हे तिला कळेना. वाटेत बघावं तिथे झुडपांना ओले कागद लटकलेले, दगडी बांधांमध्ये डबे कोंबलेले. प्रत्येक डब्याला तिने एकेक शिवी दिली, आणि संत मारिनाची टेकडी दिसेपर्यंत तिच्या तोंडाला चांगली धार आली होती.

गेली तीन वर्षं गुडघ्यामुळे ती इथे आली नव्हती. जुलैतल्या सणाआधीची सफेदी सिदेरिस मजूर लावून करून घ्यायचा. भिंती पांढऱ्या होत्या, दरवाजा निळा होता. आणि उंबऱ्यावर ओकारी पडली होती.

लिस्बेट सावलीतल्या दगडी ओट्यावर आडवी झाली होती, चेहरा पिठासारखा. वाउटर तिच्या कपाळावर टोपीने वारा घालत होता. आर्गिरोने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उंबऱ्याकडे पाहून तिच्या मनात साचलेलं सगळं बाहेर पडलं. चौदा वर्षांत शिकलेल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ती म्हणाली की हे माझ्या आजीचं चर्च आहे, या उंबऱ्याला आम्ही ओठ लावतो, तुमच्या देशात देवाच्या दारात असंच करतात का, आमचं बेट म्हणजे तुम्हाला काय संडास वाटला. तो मध्ये बोलू पाहत होता, तिने बोलू दिलं नाही. ती थांबल्यावर तो हळूच म्हणाला की आम्हाला क्षमा करा, मी लगेच धुतलं असतं, पण पाणीच तर खराब आहे.

"कुठलं पाणी?"

"खालच्या झऱ्याचं. आमच्याजवळचं संपलं होतं. हिला फार तहान लागली होती, घटाघटा प्यायली."

त्याने बाटली पुढे केली. आर्गिरोने ती नाकाशी नेली आणि झटक्यात दूर धरली. हा वास तिच्या ओळखीचा होता. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिदेरिस इंजिनातलं जुनं तेल काढायचा, तिथे असाच वास असायचा.

झरा चर्चच्या मागच्या घळीत होता. तिची आई याच पाण्याने लोकर धुवायची, याच पाण्यात हरभरे शिजवायची. दुसऱ्या पाण्याला चव नाही म्हणायची, आणि मरताना तिने तेच मागितलं होतं. बावीस वर्षांच्या आर्गिरोने तेव्हा धावत येऊन घागर भरून नेली होती. आता ती एक हात भिंतीला लावून, एकेक पाय टेकवत खाली उतरली.

आधी टायर दिसले. एकावर एक, काही फाटलेले, आत पाणी साचून त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मग फुटक्या बॅटऱ्या, फाटक्या सीट, तेलाचे पिवळे डबे, कितीतरी डबे, काही कुशीवर पडलेले, तोंडातून काळी लाळ गळत असलेले. ती लाळ दगडांवरून ओघळत थेट झऱ्याच्या तोंडाशी पोचली होती. पाण्यावर मोरपिसासारखे रंग फिरत होते. एक मेलेला सरडा त्या रंगांत उताणा पडला होता. आणि डब्यांच्या पलीकडे, चाकं काढलेल्या, आतडी उपसलेल्या तीन डुकरिणी. दोन नंबर. अकरा नंबर. चार नंबर, लांब शेपटीचा.

पलीकडच्या पिरेअस बंदरातल्या भंगारवाल्याला विकल्या, असं सिदेरिसने सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला होता. नाही, विश्वाससुद्धा नाही. तिने पुढे काही विचारलंच नव्हतं.

आता तिला उलटी आली. तीही तिथेच, झऱ्याच्या कडेला. तोंड पुसत ती वर आली तेव्हा वाउटर दुसरीकडे पाहत होता. नंबर त्यानेही पाहिले असणार, सकाळपासून तो तसलाच एक निळा नऊ पुढ्यात घेऊन फिरत होता. त्याचं ते दुसरीकडे पाहणं तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

तिने आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली. थोडं लिस्बेटला पाजलं, थोड्याने तिचं तोंड धुतलं. उरलेलं उंबऱ्यावर ओतलं, डोक्याचा रुमाल सोडला आणि गुडघे टेकून उंबरा पुसून काढला. वाउटर मदतीला वाकला, तिने हाताने त्याला मागे सारलं. नऊ नंबरची बॅटरीची तार सुटली होती, ती तिने दगडाने ठोकून बसवली. मग दोघांना नऊ नंबरवर बसवून, आपण बारावर पुढे होऊन, सावकाश वरच्या गावात डॉक्टरकडे पोचवलं. डॉक्टरने दोन दिवस पेज आणि लिंबूपाणी सांगितलं. जिवाला धोका नव्हता.

चार वाजता सिदेरिस खोकी घेऊन बोटीतून उतरला, तेव्हा ती दुकानाच्या दारात उभी होती. तिने सगळं सांगितलं. त्याने खोकी खाली ठेवली, सिगारेट पेटवली.

"मग कुठे नेऊ? कचऱ्याच्या खड्ड्यावर टायर घेत नाहीत. तेल जहाजावर चढवायला शंभर कागद लागतात. आणि घळ आपलीच आहे ना, आईची."

"आई ते पाणी प्यायची."

"आता कोण पितं? बाटल्या मिळतात दुकानात."

"आज एक बाई प्यायली."

"भाडं परत देऊ. वर रात्रीचं जेवण घालू, मासे-बिसे. खूश होऊन जातील." मग तिचा चेहरा पाहून तो हसायला लागला. "अगं, अशी काय बघतेस? सगळेच करतात, आर्गिरो. तो बेकरीवाला जुनं तेल कुठे ओततो वाटतं तुला?"

नऊ वर्षांचा असताना याचं नाक तिने आपल्या झग्याने पुसलं होतं. आता तोच चेहरा, सिगारेट, मासे-बिसे म्हणणारं तोंड. तिला त्याच्या जवळ उभं राहवेना. माणसाची, तेही आपल्या रक्ताच्या माणसाची, अशी किळस येऊ शकते हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा चौदाही डुकरिणींच्या चाकांतून साखळी ओवलेली होती आणि किल्ली आर्गिरोच्या झग्याच्या आत होती. घळ साफ होईपर्यंत एकही गाडी बाहेर जाणार नाही, ती म्हणाली. तो ओरडला, हंगाम बुडेल म्हणाला, म्हातारी वेडी झाली म्हणून शेजाऱ्यांना गोळा केलं. शेजारीण तिला समजवायला आली, म्हणाली, घरातली गोष्ट घरात मिटवावी. आर्गिरोने तिला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" शेजारीण आपल्या चपलांकडे बघत परत गेली.

घळीत ट्रक उतरत नाही, म्हणून खेचरं हवी होती, आणि बेटावर आता खेचरं फक्त लिनार्दोसकाकांकडे. काका ऐंशीचे, त्याच टेकडीवर शेळ्या चारायचे. आर्गिरो त्यांच्या गोठ्यावर गेली आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाली की मला खरंच ठाऊक नव्हतं.

काका फडक्यात बांधलेलं चीज पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वसंतात माझी दोन करडं मेली. मला वाटलं रोग. मग शेळ्या त्या पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा समजलं. शेळीला कळलं, बाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा भाऊ हिवाळ्यात मला डिझेल देतो फुकट." त्यांनी फडकं आणखी पिळलं. "मी गिळलं. पण तू माझ्यापुढे साळसूद होऊ नकोस. शेडमधून दर ऑक्टोबरला गाडीभर माल जायचा, तुझ्या डोळ्यांसमोरून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचीस ना?"

काकांनी खेचरं दिली, स्वतःही आले.

पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी सिदेरिस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दारात येऊन परतणारे पाहुणे पाहून तो चरफडत आला. टायर हलवले की खालून घाण पाणी अंगावर यायचं, उंदरांची घरटी फुटायची. तेलाने हात असे बरबटले की भाकरी तोंडाशी नेववत नसे. चौथ्या दिवशी एक डबा सिदेरिसच्या छातीवरच फुटला. तो तसाच दगडावर बसला आणि भडाभडा ओकला. आर्गिरोने वर बघितलं, पुन्हा खाली वाकली. त्या क्षणी तिला त्याची दया यायला हवी होती, असं तिला मागाहून वाटलं. पण आली नाही.

सगळा माल बंदरावर आला. कागद शंभर नव्हते, सात होते. आर्गिरो दोन दिवस कचेऱ्यांत बसून ते भरून आली आणि माल जहाजात चढेपर्यंत धक्क्यावर उभी राहिली. मग साखळी सोडली. ती कामावर राहिली, पण भावाच्या घरी जेवायला गेली नाही. दोघांत कामापुरतं बोलणं उरलं. ऑक्टोबरमध्ये पाणी तपासून आलं. कित्येक वर्षं ते पिता येणार नव्हतं.

पुढच्या जुलैत संत मारिनाचा सण आला. प्रार्थना झाल्यावर अंगणात टेबलं मांडली, बोकडाचं मटण, भात, वाइन. प्यायला पाणी बाटल्यांतून आणलं होतं. वाढण्याआधी गावचे अध्यक्ष उभे राहिले. पाहुण्यांनी केलेली घळीतली घाण आमच्या सिदेरिसने स्वतःच्या हातांनी उपसली, अशी माणसं आहेत म्हणून बेट टिकलं आहे, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी सिदेरिसच्या पाठीवर थाप मारली. त्याने मान खाली घातली आणि टाळ्या घेतल्या.

त्या अंगणात निदान तीस माणसं अशी होती ज्यांना खरं ठाऊक होतं. ती सगळी टाळ्या वाजवत होती. आर्गिरोने खुर्ची मागे सारली. ती उभी राहिली.

"ती घाण पाहुण्यांची नव्हती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "आमच्या दुकानाची होती. त्यावर नंबर माझ्या हातचे होते."

अध्यक्षांनी ग्लास उचलला, परत ठेवला. मग पाद्रीबाबांच्या बायकोने घाईघाईने भात वाढायला घेतला आणि सगळे एकदम वाऱ्याबद्दल, जहाजाच्या वेळेबद्दल बोलू लागले. सिदेरिस न जेवता निघून गेला. आर्गिरोच्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी आपापल्या खुर्च्या जराशा सरकवून घेतल्या.

थोड्या वेळाने लिनार्दोसकाका आपलं ताट घेऊन आले आणि तिच्या शेजारी बसले. अंगाला शेळ्यांचा वास येत होता. त्यांनी तिला ब्रेड पुढे करायला सांगितलं, तिने केला, आणि दोघं जेवू लागली.